सरकारी जावई : स्नेहसंमेलनातील एका शेलापागोट्याचे प्रकरण

सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात गेल्या वर्षी शेलापागोट्यांच्या, म्हणजे मुलांच्या भाषेत फिशपॉन्डच्या, कार्यक्रमात एक चिठ्ठी वाचली गेली आणि तिच्यावरून चौकशी झाली. त्या चौकशी समितीत मी बाहेरचा सदस्य होतो. महाविद्यालयाचे नाव, मुलांच्या शाखा आणि वर्षे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ज्याच्यावर चिठ्ठी होती त्याला पुन्हा एकदा ओळखीचे करून ठेवण्याची माझी इच्छा नाही. समितीपुढे कागदावर प्रश्न होता तो शिस्तभंगाचा. प्रत्यक्षात चार बैठका खर्ची पडल्या त्या वेगळ्याच प्रश्नावर: जात, भाषा, प्रांत, चेहरेपट्टी अशा जन्माबरोबर आलेल्या गोष्टींवरचा बोचरा विनोद कधी चालतो का, आणि चालत असेल तर मग हाच का चालला नाही?

घटना

ज्यांनी फिशपॉन्ड पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संमेलनाआधी आठवडाभर ग्रंथालयाच्या दाराशी एक खोके ठेवतात. कोणीही कोणावरही दोन-चार ओळी खरडून, नाव न घालता, त्यात टाकायच्या. विद्यार्थ्यांचीच एक तुकडी त्या निवडते आणि संमेलनाच्या संध्याकाळी दोन निवेदक त्या खच्चून भरलेल्या सभागृहात वाचतात. ज्याचे नाव निघेल त्याने मंचावर यायचे आणि चिठ्ठीला साजेशी एखादी वस्तू, गाजर, खुळखुळा, पावडरचा डबा, असे काहीतरी हसत हसत स्वीकारायचे. रुसणाऱ्याची अधिकच टर उडते, त्यामुळे सहसा कोणी रुसत नाही.

त्या संध्याकाळी वाचलेल्या चिठ्ठ्यांपैकी तीन या प्रकरणाच्या कामाच्या आहेत. पहिली एका कोकणस्थ मुलीवर होती: ती वापरलेली चहापत्ती वसतिगृहाच्या गच्चीत वाळवते, अशा अर्थाची. तिला बक्षीस म्हणून चिल्लरीची पुरचुंडी दिली गेली. तिने ती मंचावरच सोडली, नाणी मोजली आणि ‘एक रुपया कमी आहे, पावती द्या’ असे सांगून ती खाली उतरली. दुसरी चिठ्ठी जत तालुक्याच्या पूर्व भागातून आलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलावर होती. त्याच्या मराठीला सीमेवर पासपोर्ट दाखवावा लागतो, असे तिच्यात म्हटले होते. त्याने निवेदकाच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाला, ‘आमच्या गावाला जो पाणी देईल त्याची भाषा आम्ही शुद्ध बोलू.’ जतच्या दुष्काळी गावांचे पाणी आणि 2022 मध्ये त्यांतील चाळीस गावांवर कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सांगितलेला हक्क ज्यांना आठवत होता त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांना आठवत नव्हता त्यांनी इतरांचे पाहून वाजवल्या.

तिसरी चिठ्ठी अशी होती:

मेरिट आमचे रात्र जागे, कटऑफ याचा निजून लागे;
सासरा ज्याचा सरकार असे, तो जावई का मागे बसे?

नाव निघाले ते तासगाव तालुक्यातील एका गावातून आलेल्या, अनुसूचित जातीतील मुलाचे. निवेदक हा त्याचाच खोलीतला सोबती. जावयाचा मान म्हणून त्याने मित्राच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. मुलगा हसला, त्याने प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि तो जागेवर जाऊन बसला. नंतर तीन दिवस तो मेसमध्ये जेवायला आला नाही. चौथ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या वेळी कोणीतरी ‘जावईबापूंना आधी बसू द्या’ म्हणाले, तेव्हा तो प्रयोगशाळेतून उठून थेट वसतिगृहात गेला. तक्रार त्याने केलीच नाही. ती त्याच्या वर्गातल्या एका मुलीने लेखी दिली.

खोलीतला शब्द

पहिल्याच बैठकीत निवेदकाने जे सांगितले त्यामुळे समितीची पंचाईत झाली. ‘सर, हा शब्द त्याचाच आहे. खोलीत रोज तोच म्हणतो.’ मुलाला विचारले, तेव्हा त्याने हे नाकारले नाही. त्या खोलीत चौघे राहत. त्यांतले दोघे भारत सरकार शिष्यवृत्तीवर शिकत होते, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता ज्याने कधी वाट पाहून घेतला आहे त्याला महाडीबीटीचे संकेतस्थळ रात्री दोन वाजता उघडून अर्जाची स्थिती पाहणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. हप्ता थकला की हा मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून खोलीत फेऱ्या मारी आणि म्हणे, ‘सासरा लई चिक्कू हाय लगा. पोरगी तर न्हाईच, वर्स झालं, हुंडाबी न्हाई.’ चौघेही लोळून हसत. सोबत्याने तो टॉवेल तिथूनच उचलला होता. चिठ्ठी त्याने लिहिली नव्हती. खोक्यातून ती निघाली, तेव्हा आपल्या मित्राचाच विनोद कोणीतरी कवितेत घातला आहे असे त्याला वाटले आणि त्यात टोपी व नारळ यांची भर त्याने प्रेमाने घातली. तो खोटे बोलत होता असे मला एकदाही वाटले नाही.

म्हणजे शब्द तोच, टॉवेल तोच, माणसेही बरीचशी तीच. ‘अमुक शब्द वापरायचे नाहीत’ अशी यादी करून जे हा प्रश्न सोडवू पाहतात त्यांची यादी इथेच फाटते. पण विनोदाचे तोंड कोणाकडे आहे ते पाहिले की दोन्ही प्रसंगांतला फरक लपत नाही. खोलीतल्या विनोदात फजिती होत होती ती पैसे थकवणाऱ्या सासऱ्याची, आणि ‘सरकारी जावई’ हे लोकांनी मारलेले नाव इतके उलटे करून घातलेले होते की त्यातला सुखावलेला, आयतोबा जावई नाहीसा होऊन उरला होता तो आश्वासनावर बोळवण झालेला एक गरीब माणूस. सभागृहातल्या चिठ्ठीने तेच नाव पुन्हा सुलटे केले. तिथे सरकार उदार ठरले आणि मुलगा ऐतखाऊ. निवेदकाने खोलीतून टॉवेल आणला, पण त्या टॉवेलातला विनोद खोलीतच राहिला.

हे मान्य करूनही समितीतील एका प्राध्यापकांचा आक्षेप शिल्लक होता आणि तो टाळण्याजोगा नव्हता. कोकणस्थ मुलीवरची चिठ्ठीसुद्धा तिच्याच फजितीची होती. तिथे कोणते सरकार मध्ये होते? मग तिची तक्रार का नाही, आणि असती तर आपण तिला काय सांगितले असते? यावर सोपे उत्तर असे दिले जाते की ती वरच्या जातीची म्हणून तिच्यावर हसणे चालते आणि तो खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीचा म्हणून त्याच्यावर चालत नाही. हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि ते तेवढ्यावर सोडले तर मुलांना ते हिशेब चुकते करण्यासारखे वाटते. खरा फरक प्रेक्षकांच्या मनात होता. चहापत्तीचा विनोद ऐकून ती मुलगी खरोखर पत्ती वाळवते असे सभागृहातील एकालाही वाटले नाही, आणि वाटले असते तरी दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडी परीक्षेवर किंवा नोकरीच्या मुलाखतीवर त्याचा काही परिणाम होणार नव्हता. कटऑफची चिठ्ठी मात्र निम्म्या सभागृहाने विनोद म्हणून ऐकलीच नाही. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट कोणीतरी अखेर माइकवर बोलले, म्हणून ते हसले. ज्या गोष्टीवर ऐकणाऱ्यांचा मुळातच विश्वास आहे ती यमकात बसवली म्हणून अतिशयोक्ती होत नाही. ती माहिती म्हणून घरी जाते.

म्हणूनच त्याला उत्तर देता आले नाही. जतच्या मुलाने माइक घेतला तसा त्यानेही घ्यायचा होता, असे एक सदस्य म्हणाले. त्यावर मुलाने जे सांगितले ते मी त्याच रात्री उतरवून ठेवले होते: ‘काय बोलणार सर? मार्क सांगितले असते तर डोक्यावर टोपी घालून मार्कलिस्ट वाचणारा जावई झालो असतो. चिडलो असतो तर यांना लगेच लागतं म्हणाले असते.’ माइक हातात मिळाला तरी बोलायला जागा असावी लागते. जतच्या मुलाला ती होती.

गुणांचा विषय निघालाच, म्हणून समितीत घडलेली एक चूक नोंदवतो. ती माझीच होती. प्रवेशाची कागदपत्रे पाहताना लक्षात आले की त्याचा प्रवेश खुल्या जागेवर, गुणवत्तेच्या क्रमानेच झालेला आहे. मी उत्साहाने सुचवले की अहवालात हे ठळकपणे लिहावे, म्हणजे चिठ्ठी मुळातच खोटी होती हे सर्वांना कळेल. मुलाने नकार दिला. तो म्हणाला की त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा राखीव जागेवर आलेला आहे. मग त्याच्यावर ही चिठ्ठी निघाली असती तर ती बरोबर ठरली असती का? मी ते वाक्य खोडले. इथे ते लिहितो आहे ते त्याच्या परवानगीने आणि केवळ माझी चूक दिसावी म्हणून.

जे मुलांना दिसले आणि जे दिसले नाही

निवड करणाऱ्या तुकडीने खोक्यातल्या काही चिठ्ठ्या फाडून टाकल्या होत्या. त्यांत एक ईशान्य भारतातून आलेल्या मुलीच्या डोळ्यांवर होती. ती का फाडली, असे विचारता निवेदिका पटकन म्हणाली, ‘ते रेसिझम आहे सर, ते आम्हाला कळतं.’ तिला ते खरोखर कळत होते. 2014 च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निदो तानियाम या विद्यार्थ्याच्या दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो मरण पावला; त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी पाहण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली. हे सगळे त्या मुलीला तपशिलाने माहीत होते. दिल्लीत घडलेला वंशद्वेष तिला ओळखता आला आणि सांगलीतल्या बाकावर बसलेला जातिद्वेष मात्र गंमत वाटला. याबद्दल तिला दोष देण्यापेक्षा मला त्याचे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. बाहेरून आलेल्या शब्दाला नाव असते, त्याच्याविरुद्ध भित्तिपत्रके लागतात. ‘सरकारी जावई’ हा शब्द घरातला आहे. जेवणाच्या ताटावर, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत तो आपण इतक्या सहजपणे ऐकलेला असतो की तो शिवी आहे हे कानाला जाणवतच नाही.

दुसऱ्या बैठकीत तीच निवेदिका स्वतःहून म्हणाली, ‘माझीपण फी सरकारच भरतं.’ 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क राज्यात पूर्ण माफ आहे. त्याआधीपासून खुल्या प्रवर्गातील त्याच उत्पन्नमर्यादेच्या आतील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मे शुल्क मिळते. म्हणजे त्या संध्याकाळी सभागृहात जावई पुष्कळ बसलेले होते आणि सुनाही होत्या. टोपी एकाच डोक्यावर गेली. कोल्हापूर इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत निम्म्या रिकाम्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा जाहीरनामा 26 जुलै 1902 रोजी काढला. ज्या योजनेला त्यांचे नाव आहे तिचा लाभ घेणाऱ्याला कोणी जावई म्हणत नाही, हा या प्रकरणातील त्यातल्या त्यात खरा विनोद असावा.

कायद्याची बाजू

ही बाजू थोडक्यात आटोपण्याजोगी होती, कारण मुलाने आणि त्याच्या वडिलांनी पोलिसांकडे जाणार नसल्याचे पहिल्याच भेटीत सांगितले. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 याच्या कलम 3 मध्ये, 2015 च्या दुरुस्तीनंतरच्या रचनेत, लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे आणि जातिवाचक शिवीगाळ करणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेले बोलणे ‘लोकांच्या नजरेसमोर’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. योगायोगाने तोच फरक आमच्यापुढे होता: एक वसतिगृहाची खोली आणि एक भरलेले सभागृह. चिठ्ठीत जातीचे नाव नव्हते, आणि निवेदकाचा हेतू अपमानाचा होता असे म्हणायला आधार नव्हता, त्यामुळे गुन्हा टिकला असता की नाही यावर समितीतील वकील सदस्यांनी मत देण्याचे टाळले. ते योग्यच होते. मात्र ‘गुन्हा होत नाही, म्हणजे काही झाले नाही’ असे जे एक विश्वस्त म्हणू लागले त्यांना त्याच वकिलांनी सरदारांवरच्या विनोदांच्या याचिकेची आठवण दिली. अशा विनोदांवर बंदी घालावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती आणि नागरिकांसाठी नैतिक नियम घालून देणे हे न्यायालयाचे काम नाही, अशी भूमिका न्यायालयाने 2017 मध्ये घेतली. न्यायालयाने हे काम आपल्या अंगावर घेतले नाही, याचा अर्थ ते कोणाचेच नाही असा होत नाही. अशा वेळी ते महाविद्यालयांवर, घरांवर आणि निवेदकांवर येऊन पडते.

सोंगाड्याचे उदाहरण

मराठीच्या प्राध्यापकांनी फिशपॉन्डची बाजू घेतली आणि ती ताकदीने घेतली. त्यांचे म्हणणे असे की विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जिथे नाटक उभे केले, जिच्या जवळचे कवलापूर हे काळू-बाळू या जुळ्या भावांच्या फडाचे गाव, त्या सांगलीने जातीवरच्या विनोदाला घाबरून मंच बंद करणे शोभत नाही. तमाशातली बतावणी पाहा, ते म्हणाले. सोंगाड्या पाटलाची, कुलकर्ण्याची, सावकाराची सालपटे काढतो. तोही जातीवरचाच विनोद असतो, तो कुठे सभ्य असतो?

हे उदाहरण त्यांनी फिशपॉन्डच्या बचावासाठी दिले, पण माझ्या मते ते उलट साक्ष देते. सोंगाड्या तोंड लपवून बोलत नसे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, आपल्या नावाने, ज्याच्यावर बोलायचे तो समोर बसलेला असताना तो बोले. सुपारी त्याच पाटलाकडून यायची असे आणि दुसऱ्या दिवशी तोच सोंगाड्या त्याच पाटलाच्या वाड्यापुढे पायरीखाली उभा असे. विनोद अंगाशी आला तर किंमत तो मोजणार होता. तमाशाला सोवळे नेसवण्याचे कारण नाही. त्यातल्या बायकांवरच्या विनोदांची किंमत नाचणारणींनीच मोजली आहे आणि त्यावर वेगळे लिहावे लागेल. पण फिशपॉन्डच्या खोक्यात सोंगाड्याची हीच गोष्ट नेमकी गळून पडलेली आहे. लिहिणारा अंधारात बसतो, वाचणारा ‘मी फक्त वाचले’ म्हणतो, आणि किंमत एकटा मंचावर बोलावलेला माणूस देतो. ओळखीवरचा बोचरा विनोद चालतो का, याचे माझे उत्तर ‘चालतो’ असे आहे. करणाऱ्याने त्याखाली नाव घालावे, ज्याच्यावर तो आहे त्याला उलटून बोलायला जागा असावी, आणि विनोद संपल्यावर ऐकणाऱ्यांनी तो खरा मानून घरी नेऊ नये. या चिठ्ठीत यांतले काहीच नव्हते. खोलीतल्या विनोदात सगळे होते.

हसण्याचा पुरावा

तिसऱ्या बैठकीला मुलाचे वडील आले. ते एसटीच्या कार्यशाळेत काम करतात आणि रजा टाकून आले होते. त्यांनी फारसे काही मागितले नाही. प्राचार्यांना त्यांनी विचारले, ‘साहेब, पोरगं तितं हसलं म्हंत्यात. खरं हाय?’ प्राचार्य म्हणाले, हो, चित्रफितीत दिसते आहे. ‘मग आता तुमी म्हननार, त्येला चाललं.’ प्राचार्यांच्या पुढ्यातल्या टिपणात तेच वाक्य थोड्या बऱ्या मराठीत लिहिलेले होते. ते मला बाजूने दिसत होते. ‘आमीबी हसत आलोय,’ वडील म्हणाले आणि थांबले. त्यापुढे त्यांना कोणी काही विचारले नाही.

निर्णय

चिठ्ठी कोणी लिहिली हे शोधण्यासाठी हस्ताक्षरे जुळवून पाहण्याची सूचना आली, ती आम्ही नाकारली. दोनशेच्या वर मुलांच्या वह्या तपासून एक गुन्हेगार सापडला असता आणि बाकीचे हसणारे सुटले असते. निवेदकाला शिक्षा झाली नाही. मंचावर जाहीर माफी मागण्याची त्याची तयारी होती, पण ‘म्हणजे मला परत वर बोलावणार’ असे म्हणून मित्राने ती नको म्हटली. माफी खोलीत मागितली गेली. तेव्हा आत कोण होते आणि काय बोलणे झाले हे समितीने विचारले नाही.

फिशपॉन्ड बंद करावा असे विश्वस्तांचे मत होते. समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी तो चालू ठेवला, मात्र चिठ्ठीखाली नाव हवे आणि ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला ती आदल्या दिवशी दाखवली पाहिजे, अशा दोन अटी घातल्या. मराठीच्या प्राध्यापकांनी नावाची अट मान्य केली. आधी दाखवण्याच्या अटीला त्यांनी लेखी विरोध नोंदवला, कारण विनोदाची आगाऊ परवानगी मागायची तर तो अर्ज होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच चूक आहे असे मला म्हणवत नाही. यंदा खोक्यात अकरा चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या सात प्राध्यापकांवर होत्या.

टॉवेल आणि टोपी पुरावा म्हणून जमा झाली. नारळ त्याच रात्री वसतिगृहात फोडून खाल्ला गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. चौघे अजून त्याच खोलीत राहतात. गेल्या महिन्यात मी सहज गेलो होतो, तेव्हा शिष्यवृत्तीच्या हप्त्याची चौकशी केली. तो पुन्हा थकला आहे. सोबत्याने एकदा मित्राकडे पाहिले, मित्राने खुंटीवरच्या नव्या टॉवेलाकडे पाहिले, आणि मग त्याने मला नुसते सांगितले की अर्ज ‘प्रलंबित’ दाखवतो आहे.